‘ब्लीडिंग मद्रास’: गाजलेल्या उदाहरणाचे परीक्षण

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, नावाने विकल्या जाणाऱ्या चौकड्यांच्या सुती कापडाची ही गोष्ट विपणनाच्या वर्गात हमखास सांगतात. १९५८च्या सुमारास कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांचे कापड अमेरिकेत ब्रूक्स ब्रदर्सच्या दुकानांत पोहोचले. थंड पाण्यात, हलक्या हाताने धुवा, ही सूचना मात्र ग्राहकापर्यंत गेली नाही. रंग गेला, तक्रारी आल्या. मग रंग जाणे हेच वैशिष्ट्य म्हणून मिरवले गेले.

युक्ती चतुर खरी. पण तिच्या कौतुकात सोर्सिंगमधली चूक झाकली जाते: माल पोहोचला, मालाची माहिती वाटेत गळाली. ऑनलाइन विक्रीत ग्राहक कापडाला हातही लावत नाही. तिथे अशी गळती रिटर्नच्या पार्सलांतून गोदामात परत येते.