करामेची लढाई आणि तिचे तीन वृत्तांत

जॉर्डन नदीच्या पूर्वतीरीं, १९४८ च्या निर्वासितांनीं वसविलेल्या करामे गांवीं, ता. २१ मार्च १९६८ रोजीं जी लढाई झाली, तिचे तीन वृत्तांत प्रचलित आहेत. तिहींतहि जय सांगणाऱ्याच्याच पक्षास मिळालेला पाहून वाचक बुचकळ्यांत पडतो. आमच्या मतें येथें प्रश्न केवळ खऱ्याखोट्याचा नाहीं. जय मोजण्याचें मापच प्रत्येकानें निराळें घेतलें आहे.

त्यापूर्वीं तीन दिवस दक्षिण इस्रायलांत विद्यार्थ्यांची बस सुरुंगावर जाऊन दोघे ठार झाले होते. तें निमित्त करून इस्रायली सैन्य नदीपार आलें, त्यानें फतहचा तळ उद्ध्वस्त केला, शंभरांवर कैदी धरिले व रात्रीपर्यंत तें परतलें. हेतु साधला, म्हणून इस्रायली लेखक हिशेब मिटवितात. परंतु एका दिवसाच्या छाप्यांत सुमारें ३० सैनिक पडावे आणि मागें राहिलेले रणगाडे अम्मानमध्यें लोकांस दाखविले जावे, हा खर्च ते कोणत्या खातीं मांडतात?

जॉर्डनी लेखक नेमका हाच खर्च पुढें करितात, व तें रास्त आहे. मशहूर हदीथा अल्-जाझी यांच्या हाताखालील तोफखाना व रणगाडे नसते तर हा छापा इस्रायलास इतका महाग पडता ना. मात्र तळ वांचला नाहीं, हें ते हळूच बाजूस सारतात. जॉर्डनचे किती सैनिक पडले, याचे आंकडे मात्र निरनिराळे सांगितले जातात.

तिसरा वृत्तांत फतहचा. तो सर्वांत रसाळ आणि म्हणूनच सर्वांत जपून वाचावयाचा. त्यांत मूठभर गनीम रणांगण व्यापतात आणि जॉर्डनची पलटण पडद्याआड जाते. ‘करामा’ म्हणजे अरबींत प्रतिष्ठा. गांवाच्या नांवानेंहि त्यांस साह्य केलें. तरुणांच्या झुंडी फतहकडे लोटल्या, आणि १९६९ मध्यें यासर अराफत पॅलेस्टाइन मुक्तिसंघटनेचे अध्यक्ष झाले.

पण श्रेयाचा वाटा हिरावला गेला कीं मनांत सल राहतो. १९७० च्या सप्टेंबरांत करामेस एका बाजूनें लढलेले हे दोघे एकमेकांवरच तुटून पडले. त्याचीं कारणें अनेक होतीं. तथापि एकाच लढाईची दोघांनीं निरनिराळी सांगितलेली कथा त्यांत नव्हती, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

म्हणून वाचकांस आमची एवढीच सूचना: प्रत्येक पक्ष अभिमानानें जें सांगतो तें पारखून घ्यावें, नाइलाजानें जें कबूल करितो, तें मात्र जपून ठेवावें.