सोड्याच्या भट्टीतील चहादाणी : पृष्ठभागाचे कौतुक आणि उपयोगाचा प्रश्न

प्रास्ताविक :

मृत्कलेविषयीच्या समकालीन लेखनात सोड्याच्या भट्टीत भाजलेल्या भांड्यांना मानाचे स्थान प्राप्त झाले आहे. मात्र या भांड्यांविषयी जे लिहिले जाते ते बहुतांशी त्यांच्या पृष्ठभागाविषयीच असते. संत्र्याच्या सालीसारखा पोत, तांबूस-नारिंगी छटा, ज्वालेने उमटविलेल्या खुणा ही विशेषणे आता इतकी रूढ झाली आहेत की एका भांड्याचे वर्णन दुसऱ्यास सहज लागू पडावे. चहादाणी या वर्णनपद्धतीची अडचण करते. फुलदाणी केवळ पाहिली तरी चालते. चहादाणी उचलावी, कलती करावी आणि ओतावी लागते. म्हणूनच या तंत्राचे मूल्यमापन करावयाचे तर ते चहादाणीपाशी करणे अधिक उचित ठरते.

मिठाकडून सोड्याकडे :

मिठाच्या झिलईची परंपरा जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या परिसरात पंधराव्या शतकापर्यंत स्थिरावली होती. भट्टीचे तापमान सुमारे १२०० ते १३०० अंश सेल्सिअस असताना आत मीठ टाकले जाते. त्यातील सोडियमची वाफ मातीतील सिलिका व ॲल्युमिना यांच्याशी संयोग पावते आणि भांड्याच्या अंगावरच काचेचा थर तयार होतो. भारतीय वाचकास ही झिलई कलादालनापेक्षा सांडपाण्याच्या तपकिरी नळांवर अधिक परिचित असावी, हेही नमूद करण्याजोगे आहे. या प्रक्रियेत मिठातील क्लोरीनमुळे हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बाहेर पडते. ती टाळण्याच्या हेतूने १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत धुण्याच्या व खाण्याच्या सोड्याचे प्रयोग झाले. सोड्यात क्लोरीन नसल्याने आम्लाचा प्रश्न मिटला. जळणाचा धूर व कर्बवायू यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषण या तंत्रास लावताना एवढी मर्यादा ध्यानात ठेवावयास हवी.

पर्याय म्हणून आलेला सोडा मिठासारखा वागत नाही, आणि कलेच्या दृष्टीने हीच महत्त्वाची बाब होय. मिठाची वाफ भट्टीभर तुलनेने समप्रमाणात पसरते. सोड्याची वाफ ज्वालेच्या वाटेने जाते आणि त्या वाटेवरच्या भांड्यांवर बसते. परिणामी एकाच भांड्याची एक बाजू ओलसर, चकचकीत दिसते, तर ज्वालेआड राहिलेली बाजू कोरडी व हाताला काहीशी खरखरीत लागते. रूथॅन टडबॉल यांचा ‘सोडा ग्लेझिंग’ (१९९५) आणि गेल निकोल्स यांचा ‘सोडा, क्ले अँड फायर’ (२००६) या ग्रंथांनी या वेगळेपणास स्वतंत्र तंत्राचा दर्जा मिळवून दिला. निकोल्स यांनी सोड्यात चुनखडीयुक्त द्रव्य मिसळून पृष्ठभागाच्या शक्यता वाढविल्या.

चहादाणीची कसोटी :

ज्वालेच्या वाटेत चहादाणी ठेवली की तिचे अवयवच एकमेकांच्या आड येतात. पुढे आलेल्या तोटीवर वाफ दाट बसते आणि तोटीमागच्या पोटावर तिची सावली पडते. मुठीचेही तसेच. झाकणाचा पेच याहून अवघड आहे. झाकण जागेवर ठेवून भाजले तर रंग भांड्याशी जुळतो, परंतु वाफ आत शिरत नाही. तेव्हा आतून स्वतंत्र झिलई द्यावी लागते, आणि झाकण चिकटू नये म्हणून काठावर ॲल्युमिनायुक्त मातीच्या गोळ्या ठेवाव्या लागतात. झाकण वेगळे भाजले तर ते दुसऱ्याच घरचे वाटण्याची भीती असते. तोटीचे टोक भांड्याच्या काठाएवढे उंच नसेल तर भरतानाच चहा सांडतो. चाकावर ओढलेल्या तोटीस पीळ असतो आणि तो भाजताना उलगडतो, म्हणून जाणता कुंभार तिचे टोक आधीच किंचित तिरपे कापतो. यांतील एकही गोष्ट ज्वालेवर सोपविता येत नाही. असे असता अशा भांड्याचे श्रेय ‘अग्नीच्या लीलेला’ देऊन मोकळे होणे ही समीक्षेची आळशी सवय म्हणावी लागेल. योगायोग असतोच, पण भांडे कोणत्या फळीवर, कोणत्या दिशेस तोंड करून ठेवायचे हे हातच ठरवितो.

टडबॉल यांच्या कामाचे महत्त्व या संदर्भात जाणवते. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या या कुंभार स्त्रीने माती ओली असतानाच कापण्याची, दाबण्याची व जोडण्याची रीत स्वीकारली आणि भांडे एकदाच भाजण्याचा आग्रह धरला. एकदाच भाजण्यात जोखीम मोठी असते. कच्च्या भांड्यास आतून झिलई देताना ओलावा चुकला तर भिंत पाणी पिऊन तडकते, सांधे उकलतात. चहादाणीत तर तोटी व मूठ मिळून असे सांधे अनेक. तरीही या रीतीमुळे बोटांचा दाब आणि वाफेचा ओघ एकाच मऊ आकारावर भेटतात. झिलई वरून पांघरलेली वाटत नाही. याउलट वॉल्टर कीलर (जन्म १९४२) यांच्या मिठाच्या झिलईतील चहादाण्या पत्र्याच्या भांड्यांची आठवण देणाऱ्या, धारदार कडांच्या असतात. तेथे वाफ आकारास अधोरेखित करते, ताब्यात घेत नाही. ओतण्याची शिस्त कीलर यांच्याकडे अधिक उघडपणे दिसते, हे टडबॉल यांच्या चाहत्यांनीही मान्य करावयास हरकत नाही.

गोरोबाकाकांच्या कथेतील थापटणे मडक्याचा कच्चेपणा आवाजावरून ओळखते. आजचा समीक्षक बहुधा छायाचित्रावरून लिहितो, आणि छायाचित्रात ज्वालेकडची बाजूच येते. मूठ धरताना बोटे टेकतात त्या कोरड्या बाजूविषयी, किंवा शेवटचा थेंब तोटीवरून खाली ओघळतो की नाही याविषयी, प्रदर्शनांच्या पुस्तिकांत क्वचितच एखादे वाक्य आढळते.