‘धर्मात्मा’ : गड नव्हे, घास

कुंभार पिंपळगावच्या परिसरात एकनाथ कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. जांब समर्थ जवळच, गोदावरीच्या वरच्या अंगाला नाथांचं पैठण. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांच्या समाधीकडे दिंड्यांची रीघ लागते. म्हणून प्रभात कंपनीचा एकनाथांवरचा चित्रपट ‘धर्मात्मा’ (१९३५) आपल्या भागाने तरी पुन्हा नीट पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

व्ही. शांतारामांनी सोळाव्या शतकातलं पैठण उभं केलं, पण बोलायचं होतं ते स्वतःच्या काळाशी. काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पुणे करार, गांधीजींचा हरिजन दौरा हे सारं ताजं होतं. चित्रपटाचं मूळ नाव ‘महात्मा’. सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले आणि नाव बदलावं लागलं.

प्रेक्षकांमध्ये मात्र दुमत झालं. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व पहिल्यांदाच पडद्यावर आले, तेही पुरुषवेषात. ज्यांनी रंगभूमीवर त्यांच्या भामिनी, रुक्मिणी, सिंधू डोळे भरून पाहिल्या होत्या, त्यांतल्या अनेकांच्या हे पचनी पडलं नाही. विषयाचं कौतुक झालं, मास्टर कृष्णरावांचं संगीत होतं, तरी अपेक्षेइतका गल्ला जमला नाही. प्रभात आणि बालगंधर्व यांची भागीदारी या एकाच चित्रपटावर संपली.

तक्रार अगदीच निराधार नव्हती. चंद्रमोहनचा महंत नुसत्या घाऱ्या डोळ्यांनी दरारा बसवतो. त्याच्यापुढे बालगंधर्व संथ वाटतात, रंगभूमीचं वळण सुटत नाही. पण मला नाथ सापडतात ते या संथपणातच. श्राद्धाचं अन्न ब्राह्मणांआधी अस्पृश्यांना वाढणारा, पुढे त्यांच्याच घरी पानावर बसणारा हा माणूस कुणावर आवाज चढवत नाही. दोनच वर्षांपूर्वी शांतारामांच्याच ‘सिंहगड’मध्ये तानाजीने गड घेतला होता, इथे नायक फक्त घास घेतो. वाळीत पडण्याची तयारी ठेवून घेतलेल्या त्या घासाला तलवारीइतकंच धैर्य लागतं, हे ऐतिहासिक चित्रपटाने दाखवलं, ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

एक उणीव राहतेच. चित्रपटाचं मन नाथांच्या करुणेत गुंतलेलं आहे. ज्यांच्या घरी ते जेवले, त्यांचा स्वतःचा हक्काचा आवाज फारसा उमटत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. करुणेच्या पुढे हक्काचा प्रश्न उभा होता. ‘धर्मात्मा’ तिथवर पोचत नाही. पण आपल्या प्रेक्षकाला त्या घरापर्यंत नेऊन पानावर बसवतो, आणि हे श्रेय त्याला उघडपणे द्यायलाच हवं.