रेषा, उंची आणि पूर : ‘सोक’ या ग्रंथातील नकाशाविचाराची चिकित्सा

प्रस्तावना : २७ जुलै २००५ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर, तर कुलाबा येथे सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एकाच शहरातील ही तफावत पाहता आपत्तीपूर्व सज्जतेसाठी सूक्ष्म नकाशांची निकड वेगळी सांगावयास नको. या महापुरानंतर अनुराधा माथुर व दिलीप दा कुन्हा यांनी सिद्ध केलेला ‘सोक : मुंबई इन अ‍ॅन एस्चुअरी’ (२००९) हा ग्रंथ मात्र नकाशाच्या रेषेवरच प्रश्नचिन्ह उपस्थित करतो. आपत्ती व्यवस्थापनाच्या दृष्टीने त्या प्रश्नाचे मोल तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन : लेखकद्वयाच्या मते जमीन व समुद्र यांना विभागणारी रेषा निसर्गात नसून सर्वेक्षकाच्या कागदावर आहे, पाऊस आणि भरती यांच्यानुसार मुंबईची सीमा सरकत असते. म्हणून ते वरून काढलेल्या नकाशाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व भूमीच्या उभ्या छेदचित्रांना देतात. ग्रंथाचे खरे सामर्थ्य या निवडीत आहे. उपग्रहचित्र छपरे दाखविते. घराचे जोते किती उंच आहे हे दाखवीत नाही. पावसाळी ढगांतून तर साध्या छायाचित्राला जमीनही दिसत नाही. तेथे रडार प्रतिमांचा आधार घ्यावा लागतो. पुराचे पाणी मात्र उंबरठ्यावरून घरात शिरते. ते कोणत्या गल्लीत प्रथम चढेल, याचे उत्तर उंचीच्या मोजणीतूनच मिळू शकते.

तथापि, रेषेविषयीचा संशय येथे एकांगी होतो. बोट कोठपर्यंत न्यावयाची, निवाऱ्यासाठी कोणती शाळा उघडावयाची, हे ठरविताना बचावपथकाला रेषा आखावीच लागते. ग्रंथाचा भर रचनाकाराच्या दृष्टीवर आहे. आणीबाणीच्या रात्री नकाशा वाचणारा कर्मचारी त्यात गौण ठरतो.

समारोप : २०२० मध्ये मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ ही पूरसूचना प्रणाली सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये भूस्थानिक माहितीवरील निर्बंध शिथिल झाले. साधनांची उणीव त्यामुळे कमी झाली असली, तरी चुकीच्या रेषेबाहेर राहिलेले घर मदतीबाहेरही राहते, हा धोका कायम आहे. रेषा हा मानवी निर्णय आहे, ही ‘सोक’ची शिकवण म्हणूनच महत्त्वाची ठरते. तिचा निष्कर्ष रेषा पुसणे हा नसून, भिंतींवरील पाण्याच्या खुणा व रहिवाशांचा अनुभव यांच्या आधारे प्रत्येक पावसाळ्यानंतर ती तपासून पाहणे हा असावयास हवा.