‘बेल्ट बांधायचा कशाला?’ : माझ्याच प्रश्नावलीची चिकित्सा

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज दुसऱ्या कुणाच्या पेपरवर टीका नाही. माझ्याच पहिल्या प्रश्नावलीची चिरफाड करायची आहे. तुमची प्रश्नावली अजून कच्ची असेल, तर हे वाचून फायदा होईल.

विषय होता जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बांधकाम मजुरांची उंचीवरची सुरक्षा. त्यात एक प्रश्न असा होता: ‘उंचीवर काम करताना सेफ्टी बेल्ट बांधता का? नसल्यास का नाही?’ ओतूरजवळ एका घराचं काम चालू होतं. परांचीवरून उतरलेल्या गवंडीकाकांना मी हा प्रश्न विचारला. ते म्हणाले, “बेल्ट बांधायचा कशाला?” मी ‘गरज वाटत नाही’ या चौकटीत खूण केली आणि रात्री एक्सेलमध्ये हे उत्तर ‘बेफिकिरी’ या कोडखाली टाकलं.

पुढच्या खेपेला मी स्वतः त्या परांचीवर चढलो, तेव्हा चूक कळली. काकांचं ‘कशाला’ म्हणजे ‘कशासाठी’ नव्हतं. ते विचारत होते, बांधायचा तर कोणत्या वस्तूला? वर सुंभाने बांधलेले बांबू होते, ताजी वीट होती आणि स्लॅबच्या कडेला काहीच नव्हतं. एका शब्दाचा अर्थ मी चुकीचा घेतला आणि साधनाचा दोष माणसाच्या नावावर लिहिला.

आता जरा हिशोब करू. माणूस १.८ मीटर मोकळा पडला, तर त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या पुढे जातो. त्याला थांबवताना बसणारा झटका शॉक ॲब्सॉर्बर साधारण ६ किलोन्यूटनच्या आत ठेवतो. म्हणजे सुमारे ६०० किलोचं ओझं क्षणभर टांगल्यासारखं. हे ओझं ज्याला बेल्ट अडकवला आहे, त्या अँकरवर येतं. अमेरिकी नियम तर एका माणसामागे अँकरची ताकद २२ किलोन्यूटन मागतात. सुंभाच्या गाठीकडून ही अपेक्षा करता येईल का?

दुसरा मुद्दा उंचीचा. समजा अँकर पायापाशी आहे. दोरी १.८ मीटर, ॲब्सॉर्बर उघडून वाढणारी लांबी १ ते १.७५ मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, वर सुरक्षित अंतर एक मीटर. बेरीज होते साधारण सव्वापाच ते सहा मीटर. एका मजल्याची उंची साधारण तीन मीटर. म्हणजे एकमजली घरावर दोरी ताणून थांबवायच्या आधीच माणूस जमिनीवर आपटतो. बेल्ट अंगात होता, प्रश्नावलीत ‘हो’ होतं, तरी संरक्षण नव्हतं.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगारांना सुरक्षा संच देतं. त्यात हेल्मेट, बूट, हातमोजे यांच्याबरोबर हार्नेस बेल्टही असतो. संच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. बूट आणि हेल्मेट दुसऱ्या दिवसापासून कामाला येतात. पण बेल्टचं तसं नाही. पेटी कामगाराच्या घरी येते, अँकर मात्र कामाच्या जागेवर लागतो आणि तो लावणं मालक किंवा ठेकेदाराच्या हातात असतं. त्यामुळे ‘इतके संच वाटले’ या आकड्यावरून ‘इतके जीव सुरक्षित झाले’ असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा ठरतो.

मग ठेकेदारावर कायदा लागू होत नाही का? इथे गावाकडचं चित्र बघा. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामांना लागू होता, आणि दहा लाखांपर्यंतचं स्वतःचं घर त्यातून वगळलेलं होतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, ही घराची मर्यादा ५० लाखांवर गेली आहे. ‘उंचीवरचं काम’ म्हटलं की जुन्नरच्या बाहेरच्या माणसाला खोडदच्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश आठवतील. पण नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या आसपास रोज वर चढणारे बरेच जण सहा-सात माणसांच्या टोळीत, कुणाच्या तरी घरावर असतात. त्यांच्यापर्यंत बेल्ट पोचू शकतो, पण तो अडकवायची सोय करून द्यायला कायद्याने कुणी बांधील राहत नाही.

आता माझी दुरुस्त प्रश्नावली सांगतो. ‘बेल्ट बांधता का’ हा प्रश्न मी काढून टाकला. त्याजागी तीन गोष्टी मी स्वतः पाहून नोंदवतो. कामाची कड जमिनीपासून किती मीटरवर आहे, टेप लावून. कडेला कठडा आहे का, आणि परांचीची फळी किती रुंद आहे. बेल्ट अडकवायला भक्कम जागा आहे का, असल्यास कुठे. कठडा आणि फळी बेल्टच्या आधी, कारण माणूस पडूच नये ही पहिली पायरी. पडल्यावर झेलणं ही शेवटची. मजुराला विचारायचा प्रश्न एकच ठेवला: ‘इथे बेल्ट घातला तर अडकवाल कुठे?’ आणि पूर्वी जो प्रश्न मजुराला होता, तो आता ठेकेदाराला आणि घरमालकाला विचारतो.

यात वेळ जातो, नमुना लहान होतो, आणि गाईड ‘एन किती?’ म्हणून विचारणारच. विचारू देत. निष्कर्षात ‘मजुरांमध्ये जागृतीचा अभाव’ लिहिलं की उपाय म्हणून आणखी एक शिबिर आणि आणखी एक पेटी येते, परांची तशीच राहते. काकांचं उत्तर मी ‘बेफिकिरी’मधून काढून ‘अँकर नाही’ या नव्या कोडखाली टाकलं. तुमच्याही कच्च्या नोंदी एकदा परत वाचा. ‘इतर’ आणि ‘निष्काळजी’ या रकान्यांपासून सुरुवात करा.