रायगडचा किनारा आणि नभोवाणीवरील संवाद : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मुंबई नभोवाणी केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या किनारपट्टीवर मराठी शब्द हवेतून पोहोचविण्याचे कार्य प्रामुख्याने याच केंद्राने केले. या भाषिक कार्यक्रमांत किनाऱ्यावरील माणसाला कोणते स्थान मिळाले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कार्यक्रमांचे स्वरूप :
‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’ यांसारख्या कार्यक्रमांनी श्रोत्यांचे वर्ग निश्चित केले. ‘पुन्हा प्रपंच’मध्ये टेकाडे भावजी (प्रभाकर जोशी), मीनावहिनी (नीलम प्रभू) आणि पंत (बाळ कुडतरकर) यांच्या गप्पांतून उपदेशही घरगुती झाला. हे यश निर्विवाद आहे. तथापि त्या गप्पांचे घर मध्यमवर्गीय होते आणि भाषा शहरी होती. कोळी वा आगरी बोली बोलणारा माणूस प्रामुख्याने श्रोताच राहिला. मच्छीमारांसाठीचे हवामानाचे इशारे अत्यंत उपयुक्त खरे. परंतु इशारा म्हणजे संवाद नव्हे.

पर्यायी परंपरा :
१९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, त्यानंतर गावात चर्चा, आणि गावाने पाठविलेल्या प्रश्नांना पुढील प्रसारणात उत्तर, अशी त्याची रचना होती. येथे श्रोता प्रश्नकर्ता झाला. २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणाने किमान निम्मा आशय स्थानिक सहभागातून निर्माण करण्याची अट घातली व बोलीभाषांना प्राधान्य सुचविले. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’ने २००८ पासून दुष्काळी माणदेशात हा मार्ग चोखाळला.

प्रश्नाचे गांभीर्य :
३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वीज व भ्रमणध्वनी यंत्रणा कोलमडली. अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा वेळी विद्युतघटांवर चालणारा रेडिओ उपयोगी ठरतो. परंतु वादळ येत असल्याची सूचना दूरचे केंद्रही देऊ शकते; कोणत्या पाड्यावर पाणी नाही, हे त्या पाड्यानेच सांगावे लागते.

निष्कर्ष :
किनाऱ्यासाठी प्रसारण आणि किनाऱ्याचे प्रसारण यांत मूलभूत भेद आहे. पहिल्याची परंपरा समृद्ध आहे. दुसऱ्यासाठी पुण्याच्या प्रयोगातील प्रश्नोत्तरांची शिस्त आणि ‘पुन्हा प्रपंच’मधील बोलण्याची सहजता या दोहोंची सांगड कोळी-आगरी बोलीत घालणे अगत्याचे आहे.