बर्फ आणि कोळसा : डिकन्सचा नाताळ

नाताळ आणि बर्फ यांचे साहचर्य धर्मग्रंथातून आलेले नाही. मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांतील येशूजन्माच्या कथेत बर्फाचा उल्लेख नाही. लूकच्या कथेतील मेंढपाळ तर रात्री उघड्या रानात कळप राखीत आहेत. बेथलेहेमवर बर्फ पसरला तो उत्तर युरोपातील कलावंतांच्या कल्पनेतून. ब्रॉयगेलने १५६६ च्या चित्रात बेथलेहेम हे हिमाच्छादित फ्लेमिश खेडे म्हणूनच रंगविले.

इंग्रजी परंपरेत या साहचर्याचे श्रेय सामान्यतः चार्ल्स डिकन्सला दिले जाते. १८१२ साली जन्मलेल्या डिकन्सचे बालपण इंग्लंडमधील एका विलक्षण थंड दशकात गेले, हे खरेच. परंतु ‘अ ख्रिसमस कॅरोल’ (१८४३) बारकाईने वाचता वेगळेच चित्र दिसते. आरंभी लंडनवर दाटलेले असते ते धुके. पुढे नाताळच्या सकाळी बर्फ येतो, पण जमिनीवरचा तो बर्फ मळलेला आहे. डिकन्स थंडी मोजतो ती कोळशाच्या हिशेबाने : कारकून बॉब क्रॅचिटच्या शेगडीतील विस्तव एकाच निखाऱ्याएवढा, आणि कोळशाची पेटी मालक स्क्रूजच्या खोलीत.

भेटकार्डांनी बर्फ तेवढा उचलला आणि ही पेटी मागेच ठेवली. कथा निव्वळ हृदयपरिवर्तनाची म्हणून शिकविली, तर वर्गातही तेच घडते. वस्तुतः नाताळच्या दुसऱ्या दिवशी स्क्रूज क्रॅचिटचे वेतन वाढवितो आणि एक अक्षरही लिहिण्यापूर्वी शेगड्या नीट पेटवून कोळशासाठी आणखी एक बादली विकत आणावयास त्याला सांगतो.